कोकणात छोटा उद्योग काढताना: अनुदान, बँक आणि सातबारा

‘पन्नास लाखांच्या प्रकल्पावर पस्तीस टक्के अनुदान’ असा निरोप गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अधूनमधून फिरत असतो, आणि त्यातला आकडा बहुधा खोटा नसतो. तरीही तो वाचून जिल्हा उद्योग केंद्रात गेलेली कितीतरी मुलं दोन-तीन फेऱ्यांत कंटाळून मुंबईची गाडी पकडतात. त्यांना योजना सांगितली जाते, पण पैसा कुठल्या वाटेने येतो आणि कुठे अडकतो हे सहसा कुणी सांगत नाही. हा लेख त्या वाटेबद्दल आहे. काजू, आंबा, कोकम, फणस, काथ्या, मासळी, घरगुती पर्यटन यांतलं काहीतरी रायगड, रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गात सुरू करू पाहणाऱ्यांसाठी तो लिहिला आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट लक्षात घ्या. सरकार तुमच्या हातात रोकड देत नाही. कर्ज बँक देते. अनुदान त्या कर्जाच्या मागून येतं, बँकेतच राहतं आणि उद्योग चालू राहिला तरच तुमच्या खात्याला लागतं. म्हणून पहिला हिशेब अनुदान शून्य धरून मांडा. त्या हिशेबात धंदा उभा राहत असेल तर पुढे वाचा.

कुठल्या दारात जायचं

नव्या उद्योगासाठी दोन मोठ्या योजना आहेत. केंद्राचा पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम २००८ पासून चालू आहे आणि राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम २०१९ पासून. दोन्हींत अनुदानाचा दर सारखाच आहे: सर्वसाधारण गटाला शहरी भागात १५ टक्के आणि ग्रामीण भागात २५ टक्के, विशेष गटाला शहरात २५ आणि ग्रामीण भागात ३५ टक्के. केंद्राच्या योजनेत महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्गीय, अल्पसंख्याक, माजी सैनिक आणि दिव्यांग हे सगळे विशेष गटात येतात. स्वतःचा हिस्सा सर्वसाधारण गटाला १० टक्के, विशेष गटाला ५ टक्के. राज्याच्या योजनेत सुरुवातीला वयाची अट १८ ते ४५ होती, विशेष गटाला त्यात पाच वर्षांची सूट. केंद्राच्या योजनेत वरची वयोमर्यादा नाही, त्यामुळे मुंबईतली नोकरी संपवून पन्नाशीत गावी परतलेल्या माणसाने आधी ती पाहावी. केंद्राच्या योजनेत उत्पादन उद्योगाला ५० लाख आणि सेवा उद्योगाला २० लाखांपर्यंतचा प्रकल्प चालतो, पण तिची मंजुरी वित्त आयोगाच्या २०२५-२६ पर्यंतच्या चक्राला बांधलेली होती. कुठल्याही योजनेच्या मर्यादा आणि मुदती शासन निर्णयांनी बदलत असतात, म्हणून अर्जाच्या दिवशी पोर्टलवर असलेली मार्गदर्शक सूचना छापून स्वतःच्या फायलीत लावा.

खाद्यप्रक्रियेचा उद्योग असेल, आणि आपल्याकडे बहुतेकांचा तोच असतो, तर २०२० साली आलेली सूक्ष्म अन्नप्रक्रिया उन्नयन योजना या दोन्हींच्या आधी तपासा. तीत ३५ टक्के अनुदान सर्वांना सारखं आहे, कमाल १० लाख. जुनं युनिट वाढवायलाही ते मिळतं. घरच्या घरी वर्षानुवर्षं कोकम आगळ, आंबापोळी, फणसाचे तळलेले गरे करणाऱ्या बाईला यापेक्षा सोयीची योजना नाही. बचत गटाला प्रत्येक सदस्यामागे ४० हजारांपर्यंत बीजभांडवल मिळतं. ही योजना कृषी विभाग राबवतो, आणि अर्ज करायला मदत म्हणून प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेल्या आहेत. त्यांचा मोबदला योजनेतूनच दिला जातो. तुम्ही त्यांना एक पैसाही द्यायचा नाही.

मासळीसाठी मत्स्यव्यवसाय विभागाचं जिल्हा कार्यालय गाठा. २०२० पासूनच्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत बर्फ कारखाना, शीतगृह, इन्सुलेटेड वाहन अशा कामांना सर्वसाधारण लाभार्थ्याला ४० टक्के, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के साहाय्य ठेवलेलं होतं. आंब्याचं पॅकहाऊस, रायपनिंग चेंबर (फळ पिकवण्याची खोली), शीतगृह यांसाठी कृषी पायाभूत सुविधा निधीतून २ कोटींपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलत सात वर्षांपर्यंत मिळते, आणि ती दुसऱ्या अनुदान योजनेसोबत घेता येते. महिलांनी चालवलेल्या होमस्टेसाठी किंवा पर्यटन व्यवसायासाठी राज्याचं २०२३ चं ‘आई’ धोरण आहे: १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरचं १२ टक्क्यांपर्यंतचं व्याज सरकार परत करतं, एकूण साडेचार लाखांपर्यंत. मराठा तरुणांना अण्णासाहेब पाटील महामंडळाकडून अशाच प्रकारचा व्याज परतावा मिळतो. इतर मागासवर्गीयांनी आपल्या महामंडळाकडे जावं, कोकणासाठी शामराव पेजे यांच्या नावाची वेगळी उपकंपनीच आहे. मुद्रा कर्जात मात्र अनुदान नाही, ते फक्त विनातारण कर्ज आहे. हे स्पष्ट सांगावं लागतं, कारण ‘मुद्रात माफी आहे’ ही समजूत गावागावांत आहे.

केवळ आपल्या भागासाठीच्या योजनाही येतात आणि जातात. ‘चांदा ते बांदा’ आली आणि बंद झाली. मग २०२२ मध्ये रत्नागिरी-सिंधुदुर्गासाठी ‘सिंधुरत्न समृद्ध’ तीन वर्षांच्या मुदतीने आली. अशा योजनेची वाट पाहत धंदा थांबवून ठेवू नका, ती चालू असेल तेव्हा फाइल तयार असू द्या.

एकाच प्रकल्पावर दोन भांडवली अनुदानं घेता येत नाहीत, आणि केंद्राच्या रोजगार योजनेत पती-पत्नी मिळून एकच लाभ मिळतो. त्यामुळे कोणती योजना घ्यायची हे घरात बसून, आकडेमोड करून ठरवा. घराजवळच्या गावात उद्योग काढणाऱ्या जोडप्याने अर्ज पत्नीच्या नावे केला तर सर्वसाधारण गटातही दर २५ वरून ३५ वर जातो. पण सह्या आणि बँकेचे व्यवहार तिनेच करायचे आहेत, धंदा तिला कळतो हे मॅनेजरपुढे दिसायला हवं.

पैसा कसा फिरतो

केंद्राच्या रोजगार योजनेखाली एखाद्या महिलेचा ग्रामीण भागातला २० लाखांचा प्रकल्प घेऊ. तिचा स्वतःचा हिस्सा १ लाख. बँक १९ लाख मंजूर करते. अनुदान ७ लाख. हे ७ लाख बँकेत तिच्या नावाने तीन वर्षांच्या ठेवीत राहतात. त्या ठेवीवर तिला व्याज मिळत नाही, आणि कर्जाच्या तेवढ्या भागावर बँक व्याज लावत नाही. म्हणजे अनुदान जमा झाल्या दिवसापासून व्याज १२ लाखांवर. दर १० टक्के धरला तर वर्षाला ७० हजारांचा फरक. तीन वर्षांनी तपासणी होते, उद्योग चालू दिसला की ७ लाख कर्जात वळते होतात. बंद दिसला तर ती रक्कम परत जाते आणि पूर्ण कर्ज फेडायचं राहतं.

जमिनीची किंमत प्रकल्प खर्चात धरता येत नाही. राज्याच्या योजनेत यंत्रसामग्री किमान ५० टक्के, बांधकाम कमाल २० टक्के आणि खेळतं भांडवल कमाल ३० टक्के अशी विभागणी आहे. सगळा पैसा शेडवर घालण्याची हौस इथेच थांबवावी लागते, आणि ते बरंच आहे.

सातबारा: इथे खरी अडचण आहे

घाटावरच्या माणसाला कळणार नाही एवढा हा प्रश्न कोकणात चिवट आहे. पाऊण एकराच्या सातबाऱ्यावर वीस-बावीस नावं. त्यांतली निम्मी हयात नाहीत, वारस नोंद झालेली नाही, चुलत्यांचं कुटुंब परळला होतं ते आता बदलापूरला, आत्याचा पत्ता कुणाकडे नाही. जमीन प्रत्यक्षात तुम्हीच कसता, पण बँकेला कागद लागतो. कितीतरी प्रकल्प मंजुरीनंतर इथे मरतात. म्हणून प्रकल्प अहवालाच्या आधी जमिनीचा कागद हातात घ्या.

पहिलं काम वारस नोंदीचं. मृत्यूचे दाखले जमवा आणि तलाठ्याकडे अर्ज करा. मग वाटणी: सगळे सहधारक तयार असतील तर महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदाराकडे वाटपाचा अर्ज करता येतो. तयारच नसतील तर दिवाणी दावा, आणि तो मार्ग उद्योगाच्या वेळापत्रकात बसत नाही. सह्यांसाठी गणपती आणि मे महिना हे दोनच मोसम. चाकरमानी तेव्हाच घरी असतात. कागद आधी टाइप करून ठेवा आणि आरती झाल्यावर घरातल्या जुन्या माणसाला बोलू द्या. जे येऊ शकत नाहीत त्यांना त्यांच्या जवळच्या दुय्यम निबंधकाकडे कुलमुखत्यारपत्र नोंदवायला सांगा. नुसत्या नोटरीच्या कागदावर बँकेचा वकील अडून बसतो.

कुळकायद्याने मिळालेल्या जमिनीवर इतर हक्कांत ‘कलम ४३ ला अधीन’ असा शेरा असतो. खरेदी प्रमाणपत्राला दहा वर्षं झाली असतील तर २०१४ च्या दुरुस्तीनुसार आकाराच्या (जमिनीच्या सरकारी साऱ्याच्या) ४० पट रक्कम भरून हस्तांतराचा बंध सुटतो. कोकणात आकार रुपयांत, कधी पैशांत असल्यामुळे ही रक्कम फार होत नाही. शेरा तसाच ठेवून गहाणखताला गेलात तर मात्र फाइल परत येते.

हे सगळं जमण्यासारखं नसेल तर जमिनीचा नाद सोडा. नोंदणीकृत भाडेकराराने गाळा घ्या, कराराची मुदत कर्जाच्या मुदतीपेक्षा मोठी ठेवा. किंवा कुडाळ, मिरजोळे, गाणे-खडपोली, महाड अशा औद्योगिक वसाहतीत भूखंड किंवा तयार गाळा बघा. एमआयडीसीचा भूखंड ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळतो, रस्ता आणि वीज आधीपासून असते, आणि तिथला कागद बँकेला ओळखीचा असतो.

खाडीकाठी किंवा समुद्राजवळ बांधकाम करणार असाल तर किनारी नियमन क्षेत्राचा नकाशा पाहिल्याशिवाय पाया खणू नका. समुद्राच्या भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतची जमीन या नियमाखाली येते. खाडीच्या बाजूने २०१९ च्या अधिसूचनेत ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांतलं जे कमी असेल ते धरलं आहे. मासळी सुकवण्याच्या आणि बर्फाच्या शेड नेमक्या याच पट्ट्यात असतात.

प्रकल्प अहवाल आणि हंगाम

तयार अहवाल दोन-तीन हजारांत छापून मिळतो. त्यात बारा महिने सारखं उत्पादन आणि तीन महिन्यांचं खेळतं भांडवल दाखवलेलं असतं. कोकणातला एकही कच्चा माल असा येत नाही. काजू बी फेब्रुवारी-मार्च ते मे, कॅनिंगचा आंबा मेअखेर, कोकम पावसाच्या तोंडावर. मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद. हे न धरता केलेला अहवाल बँकेत पास होतो आणि पहिल्या दिवाळीआधी उघडा पडतो.

काजूचं उदाहरण घेऊ. दिवसाला १०० किलो बी फोडणारं युनिट वर्षात २५० दिवस चालवायचं तर २५ टन बी लागते, आणि ती सगळी तीन महिन्यांत विकत घेऊन, वाळवून, गोणीत भरून ठेवावी लागते. किलोला १३० रुपये दर धरला तर साडेबत्तीस लाख रुपये. राज्याच्या योजनेत २० लाखांच्या प्रकल्पात खेळतं भांडवल जास्तीत जास्त ६ लाख. त्यात साधारण ४,६०० किलो बी येते, म्हणजे ४६ दिवसांचं काम. उरलेले दिवस यंत्र गप्प, बाया घरी आणि हप्ता चालू. आपल्याकडच्या बंद पडलेल्या काजू युनिटांमागे यंत्राचा दोष क्वचित असतो. बहुतेक वेळा बी संपलेली असते, आणि पावसाळ्यात व्यापाऱ्याकडून चढ्या दराने घेतलेल्या बीवर गराला भाव परवडत नाही.

यावर चार वाटा आहेत, आणि अहवालात त्यांतली किमान एक लिहिलेली हवी. मुदतीच्या कर्जाबरोबरच फेब्रुवारीत वाढणारी आणि माल विकला जाईल तशी उतरणारी हंगामी कॅश क्रेडिट (लागेल तेवढी उचल देणारं बँकेचं खातं) मर्यादा मागा. गावच्या बागायतदारांशी बोलणी करा: त्यांनी बी बाजार समितीच्या शेतमाल तारण योजनेत ठेवली तर त्यांना ६ टक्के व्याजाने ताबडतोब पैसा मिळतो आणि तुम्ही पुढे टप्प्याटप्प्याने माल उचलू शकता. ही योजना शेतकऱ्याच्या मालासाठी आहे, तुम्ही खरेदी केलेला माल तिथे ठेवता येणार नाही. तिसरी वाट, काही महिने दुसऱ्यांची बी मजुरीवर फोडून द्या. चौथी, सुरुवातच लहान करा. चार किलो बीमागे किलोभर गर हे ढोबळ गणित धरून, ज्या महिन्यात जेवढा गर विकला जाईल त्याचं कोष्टक महिन्यावार मांडा आणि परतफेडीचे हप्तेही त्याच कोष्टकाला धरून मागा. सुरुवातीची सवलतीची मुदत योजनेत असतेच, पण ती किती हवी हे तुम्ही सांगितलं नाही तर बँक आपल्या सोयीने ठरवते.

बोंडूचा, म्हणजे काजूच्या फळाचा, विचार जरूर करा, कारण तो बहुतांश बागेतच कुजतो. सरबत, सिरप, जॅम चालेल. मादक पेयाला मात्र केंद्राच्या रोजगार योजनेत अनुदान नाही. प्रक्रियेची माहिती दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातून आणि त्यांच्या वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रातून घ्या, यंत्र विकणाऱ्याकडून नको.

अर्ज आणि बँक

अर्जाला हे कागद लागतात: आधार, पॅन, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास, लागू असेल तर जातीचा दाखला, ग्रामपंचायतीचा लोकसंख्येचा दाखला, यंत्रांची दरपत्रकं, जागेचा कागद, हमीपत्र. ग्रामीण दर मिळण्यासाठी लोकसंख्येचा दाखला लागतो आणि नेमका तोच आणायचा राहतो. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची केंद्र सरकारकडची नोंदणी) ऑनलाइन आणि पूर्णपणे मोफत आहे. तिच्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

पोर्टलवर बँकेची शाखा निवडण्याआधी त्या शाखेत जाऊन या. ज्या शाखेचं कार्यक्षेत्र तुमचं गाव आहे तिथेच अर्ज करा, नाहीतर कार्यक्षेत्राबाहेर म्हणून परत येतो. मॅनेजर तीन वर्षांत बदलतो, फाइल राहते. म्हणून प्रत्येक भेटीनंतर दिलेल्या कागदांची पोच घ्या. सिबिल, म्हणजे तुमच्या जुन्या कर्जफेडीची नोंद, आधी तपासा. मित्राच्या रिक्षाच्या कर्जाला दिलेली जामीनकी किंवा बागेच्या पीककर्जाची थकबाकी इथे वर येते.

किमान १० लाखांपर्यंतच्या कर्जाला बँकेने तारण मागू नये असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, त्यापुढे पतहमी निधीचं (तारणाऐवजी बँकेला कर्जाची हमी देणाऱ्या निधीचं) संरक्षण घेता येतं. कागद पूर्ण असतील तर २५ लाखांपर्यंतच्या सूक्ष्म-लघुउद्योग कर्जावर १४ कामाच्या दिवसांत निर्णय अपेक्षित आहे. नकार आला तर तो कारणासह लेखी मागा. ‘वरून मंजुरी नाही’ हे कारण नव्हे. तो कागद घेऊन अग्रणी जिल्हा प्रबंधकांकडे, म्हणजे जिल्ह्यातल्या बँकांचा समन्वय पाहणाऱ्या अग्रणी बँकेच्या अधिकाऱ्याकडे, जा. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या तिन्ही जिल्ह्यांची अग्रणी बँक बँक ऑफ इंडिया आहे. तिच्याच ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांत राहणं-जेवण धरून मोफत प्रशिक्षण मिळतं. उद्योजकता प्रशिक्षणाची अट तशीही पुरी करायची असते, तेव्हा अर्ज करण्याआधीच शिकून घ्या. मॅनेजरसमोर बसल्यावर त्याचा उपयोग होतो.

माणसं

काजू सोलणी, प्रतवारी, कोकम फोडणं, कोळंबी सोलणं ही कामं आपल्याकडे बायकाच करतात आणि बहुतेक ठिकाणी मजुरी किलोवर असते. अहवालात ‘दहा जणांना रोजगार’ लिहिणं सोपं आहे. ती दहा माणसं वर्षात किती दिवस कामाला असतील आणि त्यांना दिवसाला किती सुटेल हे लिहा. सरकार अनुदान देतं ते या कामासाठी, आणि गाव सोडून जाणारी मुलगी थांबेल की नाही हे त्या आकड्यावरच ठरतं. भविष्य निर्वाह निधीची नोंदणी असलेल्या लहान आस्थापनेने किमान दोन माणसं वाढवली तर १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ या काळातल्या नेमणुकांवर केंद्राच्या विकसित भारत रोजगार योजनेतून मालकाला दर माणशी महिन्याला ३ हजारांपर्यंत मिळतात, उत्पादन क्षेत्रात चार वर्षांपर्यंत. नोंदणी वीस कामगारांवर सक्तीची आहे, त्याआधी स्वेच्छेने करता येते. मी तर ती करावीच म्हणेन.

मंजुरीनंतर

यंत्र दरपत्रकातलंच घ्या, बँकेचा पैसा थेट पुरवठादाराला जातो. मॉडेल बदललं तर आधी लेखी कळवा. महावितरणकडे थ्री-फेजचा अर्ज कर्ज मंजुरीच्या आठवड्यातच टाका, रोहित्राचा (ट्रान्सफॉर्मरचा) खर्च तुमच्यावर येणार का ते विचारून घ्या. बँक विमा काढते, पण पॉलिसी तुम्ही वाचा: वादळ आणि पूर त्यात आहेत का, आणि यंत्रासोबत साठ्यालाही संरक्षण आहे का. जून २०२० मध्ये निसर्ग वादळाने श्रीवर्धन-मुरुडच्या बागा आणि शेड झोपवल्या, आणि २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी पहिल्या मजल्याला लागलं. मे महिन्यात गोदामात ३० लाखांची बी असते, आणि पाऊस दोन आठवड्यांवर असतो.

अनुदानाची रक्कम ठेवीत जमा झाल्याचं पत्र मागून घ्या आणि त्या तारखेपासून तेवढ्या भागावरचं व्याज थांबलं का ते खातेउताऱ्यावर तपासा. बिलं, जीएसटीची विवरणं, हजेरीपट आणि वीजबिलं एका फायलीत ठेवा. तपासणीला येणारा माणूस बाहेरचा फलक, यंत्रं आणि हे कागद पाहतो. तो ऐन ऑगस्टमध्ये, काम मंद असताना येऊ शकतो, तेव्हा हंगामाचं कोष्टक त्याला दाखवा आणि त्याची प्रत अहवालाला जोडायला सांगा. कर्ज वेळेवर फिटलं आणि धंदा नफ्यात असला तर केंद्राच्या योजनेत विस्तारासाठी दुसरं कर्जही आहे, उत्पादन उद्योगाला १ कोटीपर्यंत, १५ टक्के अनुदानासह. त्यासाठी मागच्या तीन वर्षांचे ताळेबंद लागतात, म्हणून पहिल्या वर्षापासूनच हिशेब सनदी लेखापालाकडून करून घ्या.